घरटी एक जोडी हात

शिक्षक म्हणून मी मारकुटा होतो, हे सांगितलं की आमच्या घरात हशा पिकतो. बायको म्हणते, "तुम्हांला झुरळ मारता येत नाही." खरं आहे. झुरळ मारायला धैर्य लागतं. वर्गातल्या मुलाला मारायला फक्त छडी लागते, आणि ती हेडमास्तरांनी मला पहिल्याच दिवशी खडूच्या पेटीबरोबर सही घेऊन दिली होती.

साल अठ्ठावन्न असावं. मी तेवीस वर्षांचा, साताऱ्याकडचा, नुकताच बी.ए. झालेला. नोकरी मिळाली ती आचऱ्याच्या अलीकडे, समुद्राकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात, आठवी ते अकरावीला इंग्रजी शिकवायची. आईने दहीभात बांधून देताना डोळ्यांना पदर लावला. "परमुलखात चाललास रे," म्हणाली. आम्ही भावंडं तिला हसलो. पण घाट उतरून वैभववाडीला पोचेपर्यंत तो दहीभात बाहेर आला, आणि मालवणच्या एस.टी. स्टँडवर मी एकाला रस्ता विचारला तेव्हा त्याने जे काही सांगितलं त्यातलं मला अक्षर कळलं नाही. परमुलूखच तो. मुलांची बोली मला कळेना, माझं मराठी त्यांना पुस्तकातलं वाटे, आणि इंग्रजी ही एकच भाषा अशी होती की जी आम्हां दोघांनाही सारखीच येत नव्हती.

आपल्याला येत नाही हे ज्या मास्तराला कळतं, तो एकतर अभ्यास करतो नाहीतर मारतो. मी दोन्ही करत असे. अभ्यास खोलीवर, मार वर्गात.

अकरावीत सात जण होते. त्यातला एक सतरा वर्षांचा मुलगा रोज उशिरा येई. तो रापणीवर जायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अजस्र जाळं. होडीतून ते समुद्रात अर्ध्या चंद्रासारखं टाकत नेतात, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर माणसांच्या दोन रांगा वाळूवर उभ्या राहून ओढत राहतात. दोन तास, तीन तास, कधी पाच. ते आटोपलं की हा तसाच वर्गाच्या दारात उभा राही, अंगावर मीठ सुकलेलं, कोपराला माशाचे खवले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्याला हात पुढे करायला लावला. त्याचा तळवा दोराने आधीच सोलून निघालेला होता, वर डांबराचा काळा थर, म्हणून मला ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी थांबलो असतो का, कोण जाणे. दुसऱ्या छडीला तळवा फुटला. रक्ताचे थेंब माझ्या पुस्तकावर उडाले, पांढऱ्या शर्टावर उडाले. त्याने हात मागे घेतला नाही. नुसता खाली केला आणि डावा पुढे धरला.

"मास्तरानू, हो बरो आसा. ह्येच्यार मारा. पण मगे कालचो धडो पुरो करा. मार्चात पेपर आसा."

वर्गात मुलगी एकच होती, पोस्टमनची. जिभेला धार. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्तरानू, तुमी मारतास तेवड्यात दोन धडे झाले आसते."

मी तिलाही एक दिली. त्या काळी मला तेवढंच सुचत असे.

पण रात्रभर त्या दुसऱ्या हाताने मला झोपू दिलं नाही. मग मी आमच्याकडची रीत केली. आमच्याकडे मुलगा वळणावर आणायचा असला की मास्तर बापाकडे जातो. बाप पोराला दोन शब्द सुनावतो, मास्तरांना चहा पाजतो आणि प्रकरण मिटतं. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो. माडांच्या खाली शाकारलेलं घर, पुढे सारवलेलं अंगण, तिकडे त्याला खळं म्हणतात. बाप बुटका, काळाकभिन्न. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच शिल्लक, मधला भाग नाहीच. त्याने मला बसायला घडवंची दिली, एका हाताने कोयता चालवून शहाळं फोडून दिलं. मी म्हणालो, मुलगा उशिरा येतो, जरा लवकर सोडत जा.

बाप उठला. खळ्याच्या कडेला माडाच्या चुडताचा वाळका दांडा पडला होता तो उचलला आणि मुलाच्या पाठीत घातला. मग पोटऱ्यांवर. मग खांद्यावर. दांडा मोडला तेव्हा मुठीने. मुलगा तुळशीच्या कट्ट्यावर आपटला, ओठ फुटला, उठला, पुन्हा आपटला. मी शहाळं हातात धरून उभा होतो. ते खाली ठेवावं एवढंही मला सुचलं नाही. मला वाटलं, उशिरा जातो म्हणून मारतोय. छे. शाळेत जातोच कशाला, म्हणून मारत होता.

"इंग्रजी व्हया मेल्याक! इंग्रजी!" त्याने तो अर्धा हात मुलाच्या डोळ्यांसमोर नेला. "माका काय दिल्यान तुझ्या इंग्रजीन? ह्यां बघ! बघ मरे!"

मुलगा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला, ओठाचं रक्त शर्टाच्या बाहीला पुसत. मी म्हणालो, "माझ्यामुळे झालं हे."

"तुमच्यामुळे खंय? रोजचाच ता." तो थोडं चालला आणि म्हणाला, "बाबा लढाईच्या येळार बोटीर होतो. इंजिनात. यंत्रात हात गेलो. रक्तान न्हालेलो तसोच पडलेलो आसताना सायब इलो, इंग्रजीत कायतरी बोललो. बाबा 'येस सर' म्हणालो. मगे फुडच्या बंदराक त्याका उतरवल्यानी."

"काय बोलला साहेब?"

"ताच तर. बाबा सांगणा नाय. इचारलंय तर मारता." तो थांबला. "माका बोटीर जावचा आसा. पण इंजिनात नाय. बिनतारीच्या खोलयेत. थंय कोण काय बोललो ता सगळ्यांच्या आधी आपल्याक कळता."

मुंबईला बिनतारीचं काम शिकवणारी एक शाळा होती. तिथे मॅट्रिक लागे आणि मॅट्रिकला इंग्रजी लागे. माझ्या हाती एवढंच होतं, आणि मी ते छडीने शिकवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अकरावीचे सातही जण आणि मी होड्या ठेवायच्या झोपडीवजा मांगरात बसू लागलो. छडी मी सवयीने बरोबर नेली होती. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. पहिली मागणी पोस्टमनच्या मुलीची.

"मास्तरानू, आदी गाळी शिकवा. बोटीर, गोदीत, त्योच पयल्यो कानार येतत."

मी घसा साफ केला. "इंग्रजीत शिव्या नसतात."

"नसत्यो तर सायबाचा पोट कसा भरता?" मुलाने विचारलं.

खरं सांगायचं तर मला दोनच येत होत्या, 'फूल' आणि 'रास्कल', आणि त्याही वाचलेल्या. त्या मी शिकवल्या. पुढची पंधरा मिनिटं त्या सात जणांनी त्या दोन शब्दांची अशी काही उजळणी केली की अखेर मालवणी बुक्के सुरू झाले आणि एकाचा दात माझ्या पायाशी येऊन पडला. ज्याचा दात पडला तो रक्त थुंकून म्हणाला, "रास्कल बरो आसा. फूल वायच हलको."

मग त्यांनीच शिकायची त्यांची रीत काढली. पुस्तकातलं वाक्य वाचायचं नाही, हुकमासारखं ओरडायचं. ओढ, सोड, मागे हो, दार लाव, पाणी आण, सगळं इंग्रजीत. बाकीच्यांनी ते ताबडतोब करायचं. जो चुकेल त्याच्या पाठीत सगळ्यांनी एकेक धपाटा. बोटीवर असंच असतं म्हणे, चुकलं की हात जातो. मुलगी धपाटे घालत नसे, ती निवाडा करी. नियम सगळ्यांना सारखा ठरला. मी डोळ्यांनी इंग्रजी शिकलेला माणूस. कानावर पडलेलं इंग्रजी मला ओळखू येईपर्यंत समोरची मुलं दार लावून परत आलेली असत.

"मास्तर चुकले," मुलगी शांतपणे म्हणे. "हाणा."

आणि हाणत. दिवसभर दोर ओढलेले ते हात. माझी पाठ महिनाभर काळीनिळी होती. खोलीवर पालथा पडून मी खोबरेल चोळत असे आणि मनात हुकूम घोकत असे, कारण उद्या पुन्हा धपाटे खायचे नव्हते. पोटात भीती घेऊन शिकणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. आणि एक गोष्ट त्याहून लाजिरवाणी कळली. मी भीतीने शिकत होतो, ती मुलं मात्र भीतीला बाजूला सारून शिकत होती. घरी मार, दोराचा मार, माझा मार, आणि वर स्वतःच्या खुशीने आणखी धपाटे. छडी मांगरातच कुठेतरी राहिली. कुणीतरी तिला मासे धरायची गरी बांधली असावी.

मार्च आला. इंग्रजीच्या पेपरचा दिवस. केंद्र मालवणला, वेळ अकराची. सकाळी खाडी तरीने ओलांडायची आणि पलीकडे आठची एस.टी. धरायची. मी उजाडताच तरीवर जाऊन थांबलो. सगळे आले, हा नाही. तेवढ्यात किनाऱ्याकडून शंख ऐकू आला, आणि पोस्टमनच्या मुलीचा चेहरा उतरला.

"थवो इलो," ती म्हणाली. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागला की तांडेल शंख फुंकतो. तांडेल म्हणजे रापणीचा मुख्य. शंख झाला की घरटी एक जोडी हात दोरावर हवे. ज्या घराचे हात नाहीत, त्या घराला त्या हंगामात माशांचा वाटा नाही. आणि ह्याच्या घरात बापाचा एकच हात धड होता. जोडी मुलाने पुरी व्हायची.

मी धावत सुटलो. पोचलो तेव्हा बाप मुलाला केसांना धरून वाळूतून ओढत नेत होता. परीक्षेसाठी इस्त्री केलेला शर्ट, खिशात हॉल तिकीट. आणि माझ्या डोळ्यांदेखत मुलाने जे कधी केलं नव्हतं ते केलं. उलटून बापाच्या तोंडात ठोसा मारला. बाप मागे गेला, परत आला, त्याने आपलं डोकं मुलाच्या भुवईवर आदळलं. दोघे वाळूत लोळू लागले. शर्टाची एक बाही निघून आली. आजूबाजूला पन्नास माणसं दोर खांद्यावर घेऊन उभी, कोणी सोडवीना. घरचा मामला.

मी शुद्ध मराठीत "थांबा!" म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मग ओरडलो, "मी धरतो!"

तांडेल वळला. मोठ्या पोटाचा म्हातारा. "काय धरतास?"

"दोर. ह्याच्या जागी."

हशा झाला. बापसुद्धा वाळू थुंकत हसला. तांडेल हसला नाही.

"मास्तरानू, दोर म्हंजे छडी न्हय. एकदा हात लायलास की जाळा वाळूर येयसर सोडूचा नाय. मार पडलो तरी नाय. तुमी सोडलास तर ह्येंच्या घराचो वाटो गेलो. धरतास?"

"धरतो."

"धरूंदे," तांडेल म्हणाला, आणि तिथे तांडेलाच्या पुढे कोणी बोलत नाही. मुलगा उठला, फुटलेल्या भुवईवर हात दाबून तरीच्या दिशेने पळाला. लांबून पोस्टमनच्या मुलीचा आवाज येत होता. ती तरवाल्याला थांबवून धरण्यासाठी मला न येणारी सगळी भाषा वापरत होती.

ओल्या काथ्याचा दोर हातात आला आणि दहा मिनिटांत माझे तळवे सोलले. बाप माझ्यापुढे होता. धड हाताने दोर धरायचा, खांद्यावरून घ्यायचा आणि पाय रोवून मागे यायचं. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. तासाभराने खालच्या वाडीची रापण आमच्या जाळ्यावरून आडवी पडली. अर्धा थवा त्यांच्या जाळ्यात. आधी आरोळ्या झाल्या, मग आयाबहिणी झाल्या, मग वल्ही चालली.

वल्ह्याचा घाव डोक्यावर बसला की नारळ फुटल्यासारखा आवाज होतो, हे मी तोवर नुसतं ऐकून होतो. आमच्या मोकळ्या माणसांनी त्यांना कमरेएवढ्या पाण्यात गाठलं. एकाचं डोकं दोघांनी पाण्याखाली धरलं होतं. दगड येत होते. लाटा लाल होऊन पायांशी येत होत्या. आणि आम्ही दोरावरची माणसं, नियमाप्रमाणे, दोर ओढत होतो. आमच्या रांगेतल्या एकाच्या कपाळावर दगड बसला, त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने ते पुसायलाही हात काढला नाही.

मग त्यांचा एक दांडगा गडी कोयता घेऊन दोर तोडायला धावून आला, थेट आमच्या अंगावर. बापाने दोर न सोडता त्याच्या पोटात डोकं घातलं. कोयता बापाच्या खांद्यावर उतरला, मांस उघडं पडलं. गडी तोल जाऊन माझ्यावर कोसळला. त्याचा कोयत्याचा हात माझ्या तोंडासमोर आला. माझे दोन्ही हात दोरावर. मी चावलो.

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाने असा चावा घेतला की तोंडात रक्ताची चव आली आणि कोयता पाण्यात पडला. गडी किंचाळत मागे गेला. जाता जाता कुणाचं तरी वल्हं माझ्या डाव्या कानावर बसलं. त्या कानाने आजही कमी ऐकू येतं. बायको त्याच बाजूला बसते, म्हणून संसार टिकला.

मारामारी आली तशी ओसरली. त्यांची माणसं जखमी घेऊन मागे हटली. आम्ही ओढतच होतो. ऊन चढलं होतं. बापाच्या पाठीवरून रक्ताचा ओघळ कमरेपर्यंत आला होता. तो मान न वळवता म्हणाला, "कितके वाजले आसतीत?"

"अकरा झाले असतील. पेपर सुरू झाला."

तो आणखी बरीच पावलं मागे आला. मग म्हणाला, "मास्तरानू, सायबाचा बोलणा तुमका कळता?"

मांगरातल्या महिन्यांमुळे मी 'हो' म्हणू शकलो. त्याने मग ते वाक्य म्हटलं. पंधरा वर्षांपूर्वी ऐकलेलं, अर्थ न कळता, आवाजासकट जपून ठेवलेलं. इतकं स्वच्छ म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. एक बुटका रापणकर गोऱ्या साहेबाच्या नाकातून बोलत होता.

"तो म्हणाला," मी धापा टाकत सांगितलं, "हा हात गेला. आता तू माझ्या कामाचा नाहीस. पुढच्या बंदराला उतर. समजलं का?"

"आनी?"

"आणि काही नाही."

"आवशीर नाय?"

"काय?"

"माझ्ये आवशीर कायच बोलाक नाय?"

"आईचं नावसुद्धा नाही त्यात."

"खरा सांगा."

"या दोराची शपथ."

तो थांबला. दोरावरचा माणूस थांबत नाही, पण तो थांबला, आणि पुढची माणसं मागे येत येत त्याच्यावर आदळली. "पंधरा वर्सां," तो म्हणाला. "माका वाटला, आवशीर बोललो. आनी मी व्हय म्हणालंय." मग त्याने मान वळवून माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "ओढा, मास्तरानू, बघतास काय!"

जाळं दुपारी वाळूवर आलं. बांगडे तडफडत होते, त्यांच्यात एक तुटलेलं वल्हंही आलं. माझी बोटं दोरावरून उघडेनात, तांडेलाने ती एकेक करून सोडवली. त्या घराचा वाटा त्या घरी गेला. मलाही एक टोपलं मिळालं. मासा खायला मी त्या दिवशी शिकलो, सुजलेल्या हातांनी.

मुलगा नापास झाला. रक्ताने भरलेला बघून कंडक्टरने त्याला एस.टी.त घेतलं नाही, तो चालत-पळत केंद्रावर पोचला तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता, आणि भुवई सुजून एक डोळा मिटला होता. पोस्टमनची मुलगी पास झाली. तिने त्याला सांगितलं, "रडा नको, आक्टोबर खंय पळता?" तो रडत नव्हताच, पण तिला तसं म्हणायचं होतं. जूनपासून आम्ही पुन्हा मांगरात बसलो. आता संध्याकाळी बाप येऊन दाराशी उभा राही. आत येत नसे. मी चुकलो की मात्र बाहेरून म्हणे, "हाणा."

ऑक्टोबरात तो पास झाला आणि पुढे मुंबईच्या त्या शाळेत गेला, हे आधीच सांगून टाकतो. पण मला आठवतो तो त्या पेपरचा दिवस. बाप आमच्याबरोबर मालवणला आला. धुतलेला शर्ट, हातात चुडताचा नवा दांडा. मी विचारलं, "हा कशाला?" म्हणाला, "आसूंदे."

केंद्राबाहेर तो उकिडवा बसला. पेपर सुरू झाला. अर्ध्या तासाने एक बैलगाडी रस्त्यावरून आली, वर रिकामी पिंपं. सगळ्या पिंपांचा खडखडाट, आणि गाडीवान मजेत गातोय. बाप उठला. त्याने गाडीवानाला पायाला धरून खाली खेचलं आणि मानेवर गुडघा दिला.

"मेल्या, आवाज बंद! आत माझो झील इंग्रजी लिवता!"

"माका काय म्हायत!" गाडीवान खालून ओरडला.

"आता म्हायत झाला मरे!" दांडा बसला.

त्याच्या ओरडण्याने पिंपांहून मोठा गोंधळ झाला. आतून पर्यवेक्षक खिडकीशी आले. मी मध्ये पडलो, कारण शिकलेल्या माणसाने मध्ये पडायचं असतं. गाडीवानाच्या चाबकाची मूठ बापासाठी निघालेली, ती माझ्या कपाळावर बसली. मी भिंतीला टेकलो. डोळ्यांपुढे काजवे. कसेबसे खिडकीचे गज धरून आत डोकावलो. सगळी मुलं बाहेर बघत होती, हसत होती. तो एकटा मान खाली घालून लिहीत होता. पान उलटताना त्याने हात झटकला, बोटं मोडली आणि पुढचं पान सुरू केलं. बाहेर कोण कोणाला मारतंय, हे त्याने पाहिलं नाही.